महिलांच्या गटाला गोदाम दिल्याने गावाचा काय फायदा? ग्रामसभेपुढे नेमके काय मांडावे?

प्रश्न: ग्रामसंघ सचिव, समुद्रपूर तालुका (जि. वर्धा)

सर्वांना नमस्कार.

आमच्या गावातील उमेद या शासनाच्या ग्रामीण उपजीविका अभियानातील महिला समूहांचा (बचत गटांचा) मिळून एक ग्रामसंघ आहे. ग्रामपंचायतीचे खताचे जुने गोदाम बऱ्याच वर्षांपासून कुलूपबंद पडून आहे. ते भाडेकराराने घेऊन तेथे तुरीच्या डाळीची छोटी गिरणी सुरू करावी, असा ठराव ग्रामसंघाने केला आणि तो ग्रामसभेपुढे ठेवला. चर्चा सुरू होताच एका ज्येष्ठ गृहस्थांनी उभे राहून विचारले, "गोदाम गावाचं, कमाई बायकायची, मंग गावाले काय?" सभेत हशा पिकला आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला.

त्या गृहस्थांचा मला राग आलेला नाही, कारण प्रश्न योग्य आहे आणि त्याचे धड उत्तर आमच्यापैकी कोणाजवळही नव्हते. "महिला सक्षम, तर कुटुंब सक्षम" हे वाक्य पंचायतीच्याच भिंतीवर रंगवलेले आहे. परंतु भिंतीवरच्या वाक्याच्या भरवशावर कोणी इमारत देत नाही.

दुसरी अडचण आमच्या स्वतःच्या हिशेबाची आहे. अंतर्गत कर्जाच्या, म्हणजे समूहाने आपल्याच सदस्यांना दिलेल्या कर्जाच्या, नोंदवह्या चाळल्या तेव्हा असे दिसले की, बहुतेक रक्कम जून-जुलैमध्ये बी-बियाणे व खतासाठी उचलली गेली, त्याखालोखाल दवाखाना, शाळा-कॉलेजचे प्रवेश आणि लग्नकार्य यांसाठी. शेत नवऱ्याच्या नावावर, पीक विकल्यावर चुकारा नवऱ्याच्या खात्यात, आणि हप्ता मात्र तिने कापूस वेचणीच्या मजुरीतून भरायचा, असे चित्र अनेक घरांत आहे. ज्या थोड्या जणींनी शिवणयंत्र किंवा शेळ्या घेतल्या, त्यांच्या घरी फरक जाणवतो. पण तो सांगावा कसा, हे कळत नाही.

म्हणून जाणकारांना विचारते. स्त्रीच्या हाती पैसा आल्याने कुटुंबाचा आणि गावाचा लाभ होतो, याला ठोस आधार कोणता आहे? गिरणी झालीच, तर तिची कमाई बायकांच्या हातात राहावी यासाठी सुरुवातीपासून काय बांधून घ्यावे? आणि डाळ गिरणी हा धंदा आमच्यासारख्यांना पेलणारा आहे का?

उत्तर 1: निवृत्त बँक कर्मचारी, दारव्हा (जि. यवतमाळ)

ताई, नोंदवह्या चाळून तुम्ही जे पाहिले, तेच मी बँकेच्या खिडकीच्या आतल्या बाजूने पाहत आलो. नाबार्डने 1992 साली बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला, तेव्हा त्यामागचा विचार असा होता की, ज्यांच्याजवळ तारण नाही त्यांची एकमेकींबद्दलची हमी हेच तारण मानावे. त्या हिशेबाने हा प्रयोग यशस्वी झाला, कारण गटांनी कर्जे फेडली. परंतु कर्ज वेळेवर फेडले जाणे ही बँकेच्या आनंदाची गोष्ट आहे. ते कोणी वापरले आणि कोणाच्या कष्टातून फिटले, याची नोंद बँकेच्या कोणत्याही रजिस्टरमध्ये नसते.

केवळ कर्जाने काय साधते, यावर हैदराबादच्या वस्त्यांमध्ये अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठा अभ्यास केला आणि तो 2015 साली प्रसिद्ध झाला. लघुवित्ताची कर्जे मिळालेल्या वस्त्यांत आधीपासून धंदा करणाऱ्यांची गुंतवणूक वाढलेली दिसली. मात्र मुलांचे शिक्षण, आरोग्य किंवा घरातील निर्णयांत स्त्रीचे स्थान यांत लक्षात घेण्याजोगा बदल आढळला नाही. त्यामुळे "आम्ही इतक्या लाखांचे कर्ज वाटले" हा आकडा ग्रामसभेत पुढे करू नका. समोरचा माणूस विचार करणारा असेल, तर तो लगेच विचारील की, कर्ज म्हणजे कमाई कशी?

याच्या उलट, पैसा स्वतःचा म्हणून स्त्रीच्या हाती पडला तर काय होते, याचाही अभ्यास उपलब्ध आहे. दक्षिण आफ्रिकेत 1990 च्या दशकाच्या आरंभी कृष्णवर्णीयांसाठीच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात मोठी वाढ झाली. ज्या घरांत ते आजीला मिळत होते, तेथील नातींचे उंचीच्या मानाने वजन सुधारले. आजोबांना मिळत असलेल्या घरांत तसा परिणाम दिसला नाही. हाही डुफ्लो यांचाच अभ्यास असून तो 2003 चा आहे. रक्कम तीच, घरही तशाच परिस्थितीतले. ती कोणाच्या मुठीत आली, एवढ्यावर पोरींच्या अंगावर मांस चढले की नाही, हे ठरले.

आपल्या भागात पैसा कोठे निसटतो, ते सांगतो. खाते तिच्या नावाचे असते, पासबुक घरातील पेटीत असते, आणि एटीएम कार्ड नवऱ्याच्या पाकिटात असते. पासवर्ड कार्डाच्याच पाकिटावर पेनाने लिहिलेला असतो! मोबाइलवर संदेश येतो तो मुलाच्या नंबरावर. अशा परिस्थितीत थेट खात्यात जमा होणारी मजुरी किंवा अनुदान कागदोपत्री तिचे असते, प्रत्यक्षात ते शेतीच्या खर्चात किंवा गाडीच्या पेट्रोलमध्ये केव्हा मिसळून जाते, ते तिला कळतही नाही. मासिक बैठकीत हप्त्याबरोबर प्रत्येकीने स्वतःचे पासबुक भरून आणावे आणि शिल्लक स्वतः वाचून दाखवावी, असा नियम करून पाहा. त्यात पोलिसगिरी करायची नाही. आपल्या खात्यात किती आहे, एवढे तिला ठाऊक असले तरी पुष्कळ झाले.

एक धोका विचारला नसतानाही सांगतो, कारण तो गावोगाव पसरला आहे. गटाचे कर्ज असताना त्याच बाईला दोन-तीन लघुवित्त कंपन्यांचे साप्ताहिक हप्त्याचे कर्ज दिले जाते आणि एकाचा हप्ता दुसऱ्याच्या कर्जातून भरला जातो. रिझर्व्ह बँकेने 2022 साली लागू केलेल्या नियमांनुसार, वर्षाला 3 लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज हे सूक्ष्म वित्त (म्हणजेच लघुवित्त) कर्ज मानले जाते आणि त्या कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या 50 टक्क्यांपेक्षा जास्त होता कामा नयेत. घरात महिन्याला 12,000 रुपये येत असतील, तर सगळे हप्ते मिळून 6,000 च्या आत हवेत. वसुलीसाठी सकाळी नऊपूर्वी आणि सायंकाळी सहानंतर त्रास देता येत नाही आणि मुदतीपूर्वी कर्ज फेडल्यास दंड आकारता येत नाही. हे नियम ग्रामसंघाच्या बैठकीत एकदा मोठ्याने वाचून दाखवा. गिरणीसाठी कर्ज काढण्याआधी कोणत्या सदस्येवर आधीच किती ओझे आहे, हे पाहिले नाही, तर गिरणीचा पहिला नफा दुसऱ्याच कोणाच्या तरी हप्त्यात जाईल.

उत्तर 2: कापूस उत्पादक शेतकरी, हिंगणघाट तालुका

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते येथे कोणाला रुचेल की नाही, याची मला खात्री नाही. कोरडवाहू पाच एकरांच्या घरात "तिचा पैसा" आणि "त्याचा पैसा" असे दोन गल्ले ठेवण्याइतका पैसाच नसतो. पेरणीच्या वेळी पीककर्ज वेळेवर मिळाले नाही, तर माणूस घरातलेच काढणार, आणि घरात काय आहे तर बायकोच्या गटाचे कर्ज. सावकाराकडे जाण्यापेक्षा हे बरे, असे माझ्या पत्नीचेही मत आहे. बी-बियाण्यासाठी उचललेल्या रकमेला अपयश म्हणून दाखवणे मला योग्य वाटत नाही; तिने ती रक्कम आणली नसती, तर त्या वर्षी आमची पेरणी झाली नसती.

तरीही एक मान्य करतो. त्या पेरणीचा कापूस विकला गेला, तेव्हा चुकारा माझ्या खात्यात आला आणि त्यातून गटाची परतफेड करण्याचे माझ्या मनात आले नाही. ती वेचणीतूनच करत राहिली. बँकेचे पीककर्ज असते, तर मी ते पहिल्यांदा फेडले असते.

गोदामाबद्दल माझा विरोध नाही. मात्र भाडे ठरवा, ते नियमित भरा आणि गावातील शेतकऱ्यांची तूर वाजवी दराने भरडून द्या. तेवढे सांगितले, तर आमच्यासारखे लोक हात वर करतील.

उत्तर 3: महिला शेतकरी, राळेगाव तालुका (जि. यवतमाळ)

भाऊंनी शेवटी जे मान्य केले, त्यातच या प्रश्नाचे मूळ आहे, म्हणून मी तेथूनच सुरुवात करते. पीककर्ज सातबाऱ्यावर मिळते. सातबारा ज्याच्या नावावर, तो शेतकरी. बाकी सगळे त्याच्या घरचे लोक. निंदण, खत देणे, वेचणी, बियाणे राखणे ही कामे ज्या बाईने केली, ती सरकारी कागदावर शेतकरी नसते. 2015-16 च्या कृषिगणनेनुसार देशातील शेतजमिनीच्या वहितीदारांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे 14 टक्के होते. आमच्या शिवारात कोणत्याही नोव्हेंबरमध्ये येऊन पाहा, वेचणीच्या ओळीत चौदा टक्के पुरुष तरी दिसतात का!

वेचणीचेच सांगते, म्हणजे कमाई आणि हक्क यांतला फरक कळेल. सकाळी दव असते, कपाशीची बोंडे हातांना ओरबाडतात, कमरेच्या ओटीत कापूस भरत जातो आणि ओटी जड झाली की धुऱ्यावरच्या गाठोड्यात रिकामी करायची. संध्याकाळी गाठोडे काट्याला लावतात. वजन मालक वाचतो, वहीत मालक लिहितो. बाजाराच्या दिवशी हिशेब होतो, तेव्हा अनेक घरांत मजुरी घ्यायला नवरा किंवा सासरा जातो. किलोवर मजुरी असल्यामुळे चलाख हाताची बाई एखाद्या दिवशी पुरुषाच्या रोजीइतके कमावते, हे खरे आहे. परंतु निंदणाच्या दिवसांत रोजीवर गेली, तर तिला पुरुषापेक्षा कमी मिळते. समान वेतनाचा कायदा 1976 साली झाला. ते समान वेतन आमच्या धुऱ्यापर्यंत अजून यायचे आहे.

ग्रामसभेला ठोस आधार हवा असेल, तर अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल आणि प्रदीप पांडा यांनी केरळमधील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात केलेला अभ्यास सांगा. तो 2005 साली प्रसिद्ध झाला. ज्या विवाहित स्त्रियांच्या नावावर घर किंवा जमीन यांपैकी काहीच नव्हते, त्यांच्यापैकी 49 टक्के स्त्रियांना नवऱ्याकडून दीर्घकाळ मारहाण सहन करावी लागली होती; जमीन असलेल्यांमध्ये हे प्रमाण 18 टक्के, घर असलेल्यांमध्ये 10 टक्के आणि दोन्ही असलेल्यांमध्ये 7 टक्के होते. मजुरी करणाऱ्या बाईला मार खाऊनही त्याच घरात परत यावे लागते, कारण जायला दुसरी जागा नसते. घर तिचे असेल, तर हात उचलणारा दोनदा विचार करतो.

हा विचार आपल्याकडे बाहेरून आलेला नाही. शेतकरी संघटनेने 1986 साली चांदवडला महिलांचे अधिवेशन घेतले आणि त्यानंतर काही वर्षांतच संघटनेचे नेते शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम हाती घेतली. गावातील शंभर शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे केला, तर ते गाव लक्ष्मीमुक्त मानले जाई. संघटनेचा जोर असलेल्या विदर्भातल्या गावांनीही त्यात भाग घेतला होता. पुढे 1992 मध्ये शासनाने, पतीने स्वेच्छेने अर्ज केल्यास पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याची तरतूद केली. आजच्या पिढीतील किती शेतकऱ्यांना ही सोय ठाऊक आहे, हे तुमच्याच गावात विचारून पाहा. वनहक्काच्या बाबतीत तर 2006 च्या कायद्यातच असे लिहिले आहे की, विवाहित व्यक्तीला मिळणाऱ्या पट्ट्यावर पती-पत्नी दोघांची नावे असावीत. गडचिरोली-चंद्रपूरकडील बहिणींना कागदावर जे मिळते, ते आम्हा काळ्या मातीतल्या बायकांना मागावे लागते.

मला हे सर्व इतक्या पोटतिडकीने सांगावेसे वाटते, त्याला कारण आहे. माझ्या नवऱ्याने कर्जापायी आत्महत्या केली. मिळालेल्या एक लाखाच्या मदतीतील 30,000 रुपये हाती आले आणि 70,000 ठेवीत गेले. ती मदत वेळेवर मिळाली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती फेरफाराच्या फेऱ्यांची. नवऱ्याच्या वाट्याच्या जमिनीत विधवा, मुलगे, मुली आणि सासू हे सगळे सारखे वारस असतात, हे मला त्या वेळी कोणी सांगितले नाही. उलट, "लहान लेकरं हाय, दिराच्या नावावर राहू दे, तो पाहून घेईन," असा सल्ला चारही बाजूंनी मिळाला. नाव लागेपर्यंत मला पीककर्ज नाही, पीकविमा नाही, आणि नाफेडच्या सरकारी खरेदी केंद्रावर तूर विकायची तर सातबारा माझा नाही. त्या काळात गटातील बायकांनी मला अंतर्गत कर्ज दिले आणि तहसीलला माझ्याबरोबर आळीपाळीने आल्या. त्या मजुरी बुडवून येत होत्या, हे मी विसरणार नाही.

म्हणून, ताई, गिरणीच्या ठरावाबरोबर आणखी एक विषय घ्या. गावातील घरांच्या नमुना आठवर (ग्रामपंचायतीच्या घरनोंदीच्या उताऱ्यावर) पती-पत्नी दोघांची नावे आहेत का, हे ग्रामपंचायतीकडून तपासून घ्या आणि नसतील तेथे लावून घेण्यासाठी अर्ज भरून द्या. ज्यांनी हसून विषय पुढे ढकलला, त्यांच्या घरापासून सुरुवात केली तरी चालेल.

उत्तर 4: धान्यप्रक्रिया प्रशिक्षक, अकोला

तिसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे डाळ गिरणीचे उत्तर देतो. येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली पीकेव्ही मिनी दाल मिल विदर्भातील पुष्कळ गटांकडे आहे. काही ठिकाणी ती उत्तम चालते आणि काही ठिकाणी ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली आहे. बंद पडलेल्या गिरण्यांमध्ये यंत्राचा दोष क्वचितच असतो. भांडवल, वीज आणि विक्री या तीनपैकी एकाचा विचार झालेला नसतो.

तूर थेट भरडली जात नाही. आधी ती चाळून आकारानुसार वेगळी करायची, मग खरखरीत रोलरमधून काढून टरफलाला ओरखडे पाडायचे, थोडे तेल चोळायचे, उन्हात वाळवायची, पाण्याचा हात देऊन झाकून ठेवायची आणि पुन्हा वाळवून मगच भरडायची. टरफल सुटायला ऊन लागते, म्हणून हा धंदा फेब्रुवारी ते मे या महिन्यांचा आहे, आणि ही गोष्ट तुमच्या फायद्याची आहे. वेचणी संपल्यावर कोरडवाहू गावांत बायकांना रोजगार हमीखेरीज फारसे काम उरत नाही. गिरणी नेमकी त्या रिकाम्या महिन्यांत चालते. वेचणीच्या हंगामात तिला कामाला माणूस मिळणार नाही आणि गरजही नाही.

एक क्विंटल तुरीतून काळजीपूर्वक काम केल्यास 70 ते 75 किलो डाळ मिळते. उरलेली चुणी आणि टरफल जनावरांना चालते, ते फेकायचे नसते. खरा प्रश्न भांडवलाचा आहे. 2025-26 च्या हंगामासाठी तुरीची आधारभूत किंमत क्विंटलला 8,000 रुपये आहे. त्या दराने वीस क्विंटल तूर घेऊन ठेवायची, तर 1,60,000 रुपये गुंतले आणि डाळ विकली जाईपर्यंत त्यांच्यावर व्याज चढत राहिले. त्यामुळे पहिल्या हंगामात तूर विकत घेऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे. शेतकऱ्यांची तूर मजुरीने भरडून द्या. घरी खाण्यापुरती डाळ करून घेणारी गिऱ्हाइके गावात आणि शेजारच्या गावांत पुरेशी असतात, त्यातून हात बसतो, प्रतीचा अंदाज येतो आणि पैसा अडकत नाही. स्वतःच्या नावाची पाकिटे दुसऱ्या हंगामात काढा. पाकीट विकायचे, तर अन्न सुरक्षा व मानके कायद्याखालील (एफएसएसएआयची) नोंदणी घ्यावी लागेल, तिला घाबरण्याचे कारण नाही.

हिंगणघाटच्या भाऊंना जे हवे आहे, तेही यातच आले. आज शेतकरी तूर बाजार समितीत विकतो आणि तीच डाळ होऊन पाकिटात परत येते, तेव्हा किराणा दुकानात दुप्पट नाही तरी बऱ्याच चढ्या भावाने घेतो. मधला हमाली, वाहतूक, भरडाई आणि नफ्याचा पैसा गावाबाहेर जातो. त्यातील काही भाग गावात राहणे, हा ग्रामसभेला समजेल असा फायदा आहे.

सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी 2020 साली सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत पात्र प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के अनुदानाची आणि गटाच्या सदस्याला 40,000 रुपयांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद आहे. अर्ज सध्या स्वीकारले जात आहेत का, हे जिल्हा कृषी कार्यालयात आधी विचारा. मात्र अनुदान मिळणार म्हणून मोठे यंत्र घेऊ नका. मी पाहिलेल्या बंद गिरण्यांपैकी बऱ्याच अशाच मोठ्या होत्या.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. राळेगावच्या ताई, तुमचे उत्तर मी बैठकीत वाचून दाखवले. नमुना आठचे अर्ज लिहायला दोन मुली तयार झाल्या आहेत. हिंगणघाटच्या भाऊंचे म्हणणेही पटले. बियाण्यासाठी अंतर्गत कर्ज उचलल्यास पिकाच्या चुकाऱ्यातून त्याची परतफेड होईल, असे पती-पत्नी दोघांच्या सहीने लिहून घेण्याचा विचार पुढे आला आहे.

आता एकच शंका उरली. बैठकीत एका सदस्येने विचारले की, गिरणीवर दिवसभर काम केल्यावर घरची भाकर, पाणी आणि लेकरे कोण पाहणार? उन्हाळ्यात आमच्याकडे पाण्यालाही वेळ लागतो. कमाई होईल, पण दिवस चौदा तासांचा सोळा तासांचा होईल, अशी भीती अनेकींना वाटते. आणि वीजजोडणी व भाडेकरार कोणाच्या नावे करावा, हेही सांगावे.

उत्तर 5: ग्रामपंचायत अधिकारी, अमरावती जिल्हा

आधी कराराचे सांगतो. भाडेकरार आणि वीजमीटर दोन्ही ग्रामसंघाच्या नावे घ्या. अध्यक्ष, सचिव किंवा त्यांच्या पतीच्या नावे काहीही घेऊ नका. "सध्या माझ्या नावाने घेऊ, नंतर बदलू," असे म्हणणारा माणूस सद्भावनेने म्हणत असला, तरी ते नंतर बदलले जात नाही. करारात मुदत, भाडे आणि दुरुस्तीचा खर्च कोणाचा, या तिन्ही गोष्टी लिहिलेल्या असाव्यात. गिरणीची मजुरी प्रत्येकीला तिच्या स्वतःच्या खात्यात द्या आणि नफ्याचा हिशेब वेगळा ठेवा.

सदस्येची भीती रास्त आहे. 2024 च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात घरातील बिनमोबदल्याच्या कामांना, ती करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी 289 मिनिटे आणि पुरुषांचा 88 मिनिटे वेळ जात असल्याचे आढळले. घरातल्या पुरुषांनी वाटा उचलावा, हे तर आहेच. पण ठरावाने ते घडवून आणता येत नाही. ठरावाने जे घडते, ते मागा. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील 10 टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करण्याची तरतूद आहे, आणि बऱ्याच गावांत ती मार्च महिन्यात घाईने कशावर तरी खर्च केली जाते. त्यातून गोदामाजवळ नळजोडणी, स्वच्छतागृह आणि लहान मुलांना बसण्यासाठी पंखा असलेली एक खोली मागता येईल. पाळ्या अर्ध्या दिवसाच्या लावा. भरडण्याचे काम सलग आठ तास चालवण्याची गरज नसते, वाळवणावर लक्ष ठेवायला मात्र आळीपाळीने कोणीतरी लागते.

पश्चिम बंगालमध्ये स्त्रीसाठी सरपंचपद राखीव असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर अधिक खर्च केल्याचे चट्टोपाध्याय आणि डुफ्लो यांनी 2004 मध्ये दाखवून दिले होते. बायका पाणी मागतात, कारण पाणी त्याच भरतात. तुमच्या गिरणीसाठी आलेल्या नळावर उद्या आजूबाजूची घरेही येतील, हे त्या ज्येष्ठ गृहस्थांना सांगायला हरकत नाही.

शेवटी कार्यपद्धतीबद्दल. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणे आपल्या राज्यात बंधनकारक आहे आणि तिच्यातील ठराव ग्रामसभेपुढे ठेवावा लागतो. बहुतेक गावांत ती सभा केवळ सह्यांपुरती होते. तुमची खरोखर घ्या, गोदाम, नळ आणि नमुना आठ हे तिन्ही विषय एकाच ठरावात न कोंबता तीन वेगळे ठराव करा, म्हणजे एकावर वाद झाला तरी इतर दोन अडकणार नाहीत, आणि इतिवृत्ताची प्रत त्याच दिवशी शिक्क्यासह मागून घ्या.